तिसऱ्या भिंगाचा आकडा

मोठ्या दुर्बिणीचा आरसा मधोमध छान दाखवतो आणि कडेला लाज काढतो. मधला तारा टिंबासारखा गोल, आणि कडेचा म्हणाल तर शेपूट फुटलेला. आकाशाचा एवढासा तुकडा बघायचा असेल तर चालून जातं. पण खगोलवाल्यांना आता एका दमात मोठंच्या मोठं आकाश हवं असतं, आणि त्यात कडेचे तारेही मधल्याइतकेच गोल हवे असतात. मग कॅमेऱ्याच्या तोंडाशी चार भिंगांची रांग बसवायची आणि आरशाने घातलेला घोळ निस्तरायचा. ती चार भिंगं कशी असावीत, कुठली बाजू किती खोलगट, किती फुगीर, दोन भिंगांत अंतर किती, हे ठरवणं माझं काम. उभा जन्म मी दुसऱ्याचे घोळ निस्तरण्यात घालवलाय, त्यामुळे स्वभाव थोडा तिखट झालाय. थोडा, हे माझं मत.

मी कागदावर काढलेलं भिंग काचेत उतरवायचं काम माझ्या नवऱ्याचं. कारखान्यात त्यांना सगळे उस्ताद म्हणतात. घरात उस्तादांना स्वतःचा चष्मा सापडत नाही. तो असतो कपाळावर, आणि काखेत कळसा अन् गावाला वळसा या न्यायाने ते सगळं घर पालथं घालतात. पण काचेवर हात ठेवला की माणूस बदलतो. त्यांच्या हाताखाली काच मऊ येते, असं कारखान्यातले लोक म्हणतात. काच मऊबिऊ काही येत नसते. ते न कंटाळता घासतात, एवढंच. अर्थात हे मी त्यांच्या तोंडावर कधी म्हटलेलं नाही.

आमची एक रीत होती. भिंगाच्या प्रत्येक बाजूला एक आकडा असतो. ती बाजू ज्या गोलाचा तुकडा आहे त्याची त्रिज्या, मिलिमीटरमध्ये. काम सुरू करण्याआधी मी त्यांना आकडा सांगायची, ते तो मोठ्याने परत म्हणायचे आणि विचारायचे, "बरोबर?" ड्रॉइंग समोर टांगलेलं असलं तरी मी "बरोबर" म्हटल्याशिवाय काचेला हात लावायचे नाहीत. हे पहिल्यांदा झालं तेव्हा आमचं लग्न व्हायचं होतं. मी नोकरीत नवखी, ते माझं पहिलंवहिलं भिंग, आणि आकडा होता अठराशे बेचाळीस. त्यांनी तो असा जपून म्हणून दाखवला, की जणू मी त्यांना माझ्या घरचा पत्ता दिला होता. मी "बरोबर" म्हटलं आणि उगाचच लाजले. पुढे लग्नाचं विचारायला आले तेव्हाही बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर हा गृहस्थ एवढंच म्हणाला, "तू आणि मी. बरोबर?"

आताच्या या दुर्बिणीसाठी पहिली दोन भिंगं होऊन नळकांड्यात बसलीसुद्धा होती. तिसरं उस्तादांकडे होतं. त्याच्या खोलगट बाजूचा आकडा अठराशे सत्तर. रीतीप्रमाणे मी सांगितला, त्यांनी म्हटला, मी "बरोबर" म्हटलं. मग कित्येक महिने ते त्या काचेला चिकटून होते. संध्याकाळी घरी यायचे तेव्हा नखांत पॉलिशची गुलाबी पावडर असायची आणि चेहऱ्यावर समाधान.

त्याच सुमारास आमची लेक एकदा मला स्वयंपाकघरात म्हणाली, "आई, बाबांनी आज जेवताना मला तीनदा विचारलं, शाळा कशी चाललीय म्हणून." ती शाळेत शिकवते.

"मग? लहानपणी तू मला दिवसातून शंभरदा 'का' विचारायचीस. मी कुणाला सांगायला गेले होते का?"

"आई, तसं नाही ते."

"कसं आहे ते मला नको शिकवूस," मी म्हटलं आणि भांडी जरा जास्तच आपटली. ती गप्प बसली. तिखटपणा कुठून घेतलाय ते मला ठाऊक आहे, पण गप्प बसणं तिने बापाकडून घेतलंय.

तिसरं भिंग मोजणीच्या खोलीत आलं त्या दिवशी मी हजर होते. तिथे यंत्र मोजतं, माणूस नुसता बघतो. आधी पृष्ठभागाची सफाई दिसली. इतकी सुरेख, की मोजणाऱ्या मुलीने शीळच घातली. मग पडद्यावर आकडा उमटला.

अठराशे बेचाळीस.

दुसरा कुठलाही आकडा असता तर मी चिडले असते, आरडाओरडा केला असता. हा बघून मला ओरडता येईना. मोजणारी मुलगी म्हणाली, "बाई, यंत्राचं काहीतरी बिनसलंय, परत मोजते." तिला मोजू दिलं. आपलं यंत्र ठीक आहे, हे मला कळून चुकलं होतं.

तिथून मी सरळ बोगद्यात गेले. बोगदा म्हणजे कारखान्याच्या मागची काळ्या भिंतींची अरुंद खोली. भिंग घासताना मधूनमधून तिथे तपासायचं असतं. एका टोकाला भिंत धरून पाळणा आहे, त्यात भिंग उभं ठेवतात. समोर स्टँडवर बारीक दिवा. स्टँड बरोबर त्रिज्येएवढ्या अंतरावर असेल तर खोलगट बाजूवरून उलटून आलेला प्रकाश दिव्यापाशीच टिंब होऊन पडतो. टिंब स्वच्छ पडलं की भिंग झालं. फरशीत एक पितळी खिळा ठोकलेला आहे. आमच्या त्या पहिल्या भिंगाच्या वेळी स्टँड कुठे ठेवायचा त्याची खूण म्हणून उस्तादांनीच तो ठोकला होता, आणि तो काढायचं कुणालाच सुचलं नव्हतं.

स्टँड खिळ्यावर उभा होता. नव्या आकड्यासाठी तो जेमतेम दोन बोटं मागे हवा होता. इतके महिने माझा नवरा रोज इथे येऊन पस्तीस वर्षांपूर्वीचं भिंग घासत होता, आणि तेही नेहमीसारखं अप्रतिम. मी त्या फरशीवर बसले. मला रडू आलं नाही, भीती वाटली. लेकीने सांगितलेलं जे मी भांड्यांच्या आवाजात बुडवून टाकलं होतं, ते काचेने मला सांगितलं होतं, आणि काचेवर डाफरता येत नाही.

आमच्या प्रमुख बाईंना मी घड्याळ म्हणते, कारण त्या तुमच्याशी बोलताना भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतात. कधीकाळी माझ्याच हाताखाली शिकायला आलेली पोर. कानामागून आली आणि तिखट झाली. माझ्यापेक्षा तिखट होणं सोपं नाही, त्यामुळे मला तिचा थोडा अभिमानही आहे.

"आकडा चुकलाय," मी तिला म्हटलं. "काच उत्तम आहे. आकडा चुकलाय."

ती भिंतीकडे बघायची थांबली. "उस्तादांकडून?"

"हो."

"मग त्यांनाच परत घासू दे ना. पाव मिलिमीटर काच काढायची, एवढंच आहे."

मला इतका वेळ गप्प बसलेलं तिने कधी पाहिलं नसावं. तीच म्हणाली, "नाहीतर बाहेरच्या कारखान्यात पाठवावं लागेल. तिथले लोक घासून देतील. वेळ जाईल, पण होईल."

होणार होतं, ते मलाही माहीत होतं. बाहेरचा कुणीतरी खडबडीत पावडर टाकून ती बाजू पार उतरवणार आणि नव्याने करणार. उस्तादांच्या हातचं शेवटचं काम पुसलं जाणार. शेवटचं, हा शब्द माझ्या मनात आला आणि मी तो तिथेच दाबला.

"चौथ्याची काच अजून खोक्यात आहे," मी म्हटलं. "तिसरं आहे तसं ठेवते. चौथं त्याला धरून नव्याने काढते."

हे काही मी जगावेगळं सांगत नव्हते. आमच्या कामात हे नेहमीच करतात. तयार झालेलं भिंग कधीच तंतोतंत कागदासारखं नसतं. जे झालं ते मोजायचं आणि उरलेलं त्याला धरून हलवायचं. मात्र ते केसाएवढ्या फरकासाठी, दोन बोटांसाठी नाही.

"आठवडाभर देते," घड्याळ म्हणालं. "कोपऱ्यातले तारे गोल राहिले पाहिजेत. नाही राहिले तर भिंग बाहेर जाईल. आणि बाई, हे तुम्ही नवऱ्यासाठी करताय की दुर्बिणीसाठी?"

"कोपरा गोल आला तर तुला काय फरक पडतो?"

ती हसली नाही, पण आठवडा दिला.

मी चौथ्या भिंगामागे हात धुऊन लागले. कॉम्प्युटर भराभर गणित करतो, पण त्याला काय हलवू द्यायचं आणि काय नाही, हे आपण सांगायचं असतं. मी फक्त चौथं मोकळं सोडलं. ते फुगवलं, खोल केलं, मागेपुढे सरकवलं. मधला तारा छान यायचा, कडेच्याला शेपूट. शेपूट कापावं तर मधला पसरायचा. चौथ्याची बाजू इतकी फुगायला लागली की तशी काच घासायला माणूस मिळाला नसता. आगीतून फुफाट्यात. असे दिवसामागून दिवस गेले. घरी मी कुणाला काही सांगितलं नाही. उस्ताद विचारायचे, "तिसरं कसं आहे?" मी म्हणायची, "सफाई बघून पोरीने शीळ घातली." तेवढं खरं होतं. ते खूश व्हायचे आणि थोड्या वेळाने पुन्हा विचारायचे.

रविवारी दुपारी लेक जेवायला आली. उस्तादांनी विचारलं, "शाळा कशी चाललीय?" तिने सांगितलं: वर्गातला एक मुलगा फळ्यावर मास्तरांचं चित्र काढतो आणि ते इतकं हुबेहूब येतं की पुसवत नाही. ते खळखळून हसले. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी विचारलं, "मग, शाळा कशी चाललीय?" आणि माझ्या लेकीने तीच गोष्ट, तशीच रंगवून, पहिल्यांदाच सांगत असल्यासारखी पुन्हा सांगितली. ते पुन्हा तसेच हसले. मी ताट घेऊन उठले ती ओट्यापाशी जाऊन उभी राहिले, आणि मग मला आवरेना.

लेक मागून आली. मी तिला सगळं सांगितलं. आकडा, खिळा, चौथं भिंग, सगळं.

"किती दिवस एकटीच घेऊन बसलीयेस?" ती म्हणाली.

"मी बघते आहे ना."

"तूच कशाला बघायचंस सगळं? मी आहे. तुझी ती घड्याळबाई आहे. बाबा स्वतः आहेत. सगळा भार स्वतःवर घेतेस आणि मग भांड्यांवर राग काढतेस."

"भांडी माझी आहेत," मी म्हटलं, पण तिच्या खांद्यावर डोकं ठेवून म्हटलं.

दुसऱ्या दिवशी कामावर बसले तेव्हा तिचं बोलणं डोक्यात होतंच. पडद्यावर ते बिचारं फुगलेलं चौथं भिंग बघितलं आणि मी मोठ्याने म्हटलं, "अगं बाई, तूही एकटीच." पहिल्या दोन भिंगांना मी हात लावला नव्हता, कारण ती नळकांड्यात घट्ट बसवून झाली होती. ती उघडायची म्हणजे जोडणीवाल्यांच्या शिव्या. पण त्यांची काच नको होती मला बदलायला, त्यांच्यातलं अंतर तेवढं हवं होतं. मी सगळी अंतरं मोकळी सोडली. पहिलं नखभर पुढे गेलं, दुसरं मागे सरकलं, तिसरं थोडंसं सरकलं, आणि चौथ्याचा फुगवटा हळूहळू ओसरला. मधला तारा पूर्वीपेक्षा किंचित जाड झाला, दिलेल्या मर्यादेत. आणि चारही कोपरे गोल आले. मी दोनदा, तीनदा गणित चालवलं. गोलच. जीव भांड्यात पडला.

घड्याळकडे गेले ती सगळं सांगायचं ठरवूनच. आधी उस्तादांचं सांगितलं, मग नळकांड्याचं. तिने भिंतीकडे एकदाही पाहिलं नाही. तिला काच धरायला उस्तादांनीच शिकवलं होतं. बराच वेळ ती हातातलं पेन उघडत मिटत राहिली.

"मला वाटलंच होतं काहीतरी," ती म्हणाली. "गेल्या महिन्यात त्यांनी मला माझं नाव विचारलं. मला वाटलं, गंमत करतायत."

मग तिने माझे चार कोपरे तपासले. मी तिची बाई म्हणून सूट दिली नाही, एकेक तारा मोठा करून बघितला. शेवटी म्हणाली, "उघडू नळकांडं."

"जोडणीवाले बोंबलतील."

"बोंबलू देत."

आता उस्तादांना सांगायचं राहिलं होतं. मी त्यांना दुपारी बोगद्यात घेऊन गेले. लांबण लावायला मला जमत नाही. स्टँड अजून तिथेच होता. मी खिळ्याकडे बोट दाखवलं.

"अहो, तिसऱ्याचा आकडा काय होता?"

"अठराशे बेचाळीस," ते लगेच म्हणाले. मग माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. "बरोबर?"

या प्रश्नाला मी जन्मात कधी नाही म्हटलं नव्हतं. "नाही," मी म्हटलं. "अठराशे सत्तर होता."

ते वाकले. चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला, खिळा बघितला, स्टँडचा पाय बघितला, आणि त्यांना सगळं कळलं. हुशार माणसाला असं काही कळतं ते बघणं फार वाईट. ते पाळण्याच्या कडेला टेकून उभे राहिले.

"मला नवा आठवतच नव्हता," ते हळू म्हणाले. "रोज इथे यायचो आणि वाटायचं, कुणाला विचारावं कसं? उस्तादाने आकडा विचारायचा? सगळ्यांदेखत ड्रॉइंगवर शोधायचा? मग एक आठवला. इतका स्वच्छ आठवला, की मी म्हटलं, हाच असणार."

"हा कसा आठवला?"

"अगं, तुझा पहिला आकडा तो. तो कसा विसरेन?"

मी त्यांचा हात धरला. गुलाबी पावडर अजून नखांत होती. मग जे खरं होतं ते सांगितलं. भिंग तसंच राहणार आहे, बाकीची तीन त्याच्या भोवती हलवली आहेत, कोपरे गोल आलेत.

"मध्य बिघडला असेल," ते म्हणाले. एवढ्यातही उस्ताद ते उस्तादच.

"किंचित."

"चालेल?"

"मला चालेल," मी म्हटलं.

त्यांनी त्यानंतर काच घासली नाही. चौथं दुसऱ्यांनी केलं. उस्ताद रोज दुपारी तिथे जाऊन खुर्ची टाकून बसायचे. कधी घासणाऱ्यांना टोकायचे, कधी नुसते त्या आवाजाला कान देऊन बसायचे. लेक रविवारबरोबर बुधवारीही यायला लागली. शाळेतल्या त्या चित्रकार पोराची गोष्ट आमच्या घरी इतक्यांदा झालीय की मला ती पाठ आहे, आणि खरं सांगायचं तर मलाही अजून हसू येतं.

दुर्बीण लागली आणि पहिलं छायाचित्र आलं, त्या सकाळी घड्याळने सगळ्यांना मोठ्या खोलीत बोलावलं. टेबलभर पसरेल एवढा कागद छापून घेतला होता. पाहुणे मधल्या आकाशगंगेभोवती गर्दी करून होते. उस्ताद सवयीने कोपऱ्याकडे गेले. मध्य काय, कुणालाही जमतो, हे त्यांचं जुनं म्हणणं. खिशातलं भिंग काढून ते वाकले आणि एकेक कोपरा बघत टेबलाभोवती सावकाश फिरले.

"गोल आहेत," ते मला म्हणाले. "कुणी केलं गं हे?"

"आपण."

"हो?" ते म्हणाले, आणि पुन्हा वाकून बघायला लागले.

तेवढ्यात पाहुण्यांतली एक खगोलवाली मुलगी घड्याळला काहीतरी विचारत होती. तिच्या हातात नव्या ड्रॉइंगची प्रत होती, सगळे आकडे दुरुस्त करून छापलेली. घड्याळने आमच्याकडे बोट दाखवलं. "तिसऱ्या भिंगाचं त्यांना विचारा. त्यांनी घासलंय ते."

त्या सकाळी चहात साखर घातली की नाही, हेही त्यांनी मला दोनदा विचारलं होतं. मी मध्ये पडणार, तोवर मुलगी समोर येऊन उभी राहिली. "उस्ताद, या तिसऱ्याच्या खोलगट बाजूची त्रिज्या किती हो?"

ते ताठ उभे राहिले. क्षणभरही अडखळले नाहीत.

"अठराशे बेचाळीस," ते म्हणाले. मुलीने हातातल्या कागदावर बघितलं आणि मान डोलावली. पण त्यांचं तिच्याकडे लक्ष नव्हतं. ते माझ्याकडे वळले होते.

"बरोबर?"

"बरोबर," मी म्हटलं.